बारा चौकटी आणि एकही रेघ नाही

वर्डप्रेसची नवी कोरी वेबसाइट उभी केली की तिच्यामागे डेटाबेसमध्ये बारा टेबलं तयार होतात. हा डेटाबेस ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एखाद्या डिझाइन टूलला दाखवला, तर पडद्यावर बारा चौकटी उमटतात: पोस्ट्स, पोस्टमेटा, युजर्स, कॉमेंट्स, टर्म्स वगैरे. प्रत्येक चौकटीत कॉलमांची नावं असतात, त्यांचे प्रकार असतात, प्रायमरी कीच्या शेजारी इवलीशी किल्लीही असते. नसते ती एकच गोष्ट. बारांपैकी कुठल्याही दोन चौकटींना जोडणारी रेघ नसते. पाहणाऱ्याला वाटतं, इम्पोर्ट गंडलं. तो फाइल पुन्हा चढवतो, मग दुसरं टूल धुंडाळतो, आणि तिथंही त्याच बारा सुट्या चौकटी समोर येतात.

खरं तर गंडलेलं काहीच नसतं. कॉमेंट कुठल्या पोस्टवर आली, पोस्ट कुणी लिहिली, ही नाती वर्डप्रेसच्या पीएचपी कोडला ठाऊक असतात. डेटाबेसकडे त्यांची नोंदच केलेली नसते. टूलने जेवढं लिहिलेलं होतं तेवढं इमानदारीनं वाचलं.

या साध्या अपेक्षाभंगात या विषयातल्या दोन्ही अडचणी दडलेल्या आहेत. पहिली, ब्राउझरमधल्या टूलपर्यंत डेटाबेसचा स्कीमा पोहोचवायचा कसा. दुसरी, पोहोचलेल्या स्कीमात जे लिहिलेलंच नाही त्याचं काय करायचं. टूल बनवणाऱ्यांनी पहिलीवर वर्षानुवर्षं घाम गाळला. दुसरीकडे त्यांचं लक्ष बरंच उशिरा गेलं.

स्कीमा म्हणजे डेटाबेसचा सांगाडा: कुठली टेबलं आहेत, त्यांत कुठले कॉलम आहेत, कुठल्या कॉलममध्ये आकडा बसतो आणि कुठल्यात तारीख, कुठला कॉलम दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. प्रत्यक्ष माहिती, म्हणजे ग्राहकांची नावं किंवा बिलांच्या रकमा, यात येत नाहीत. चालू डेटाबेसमधून हा सांगाडा वाचून त्याची आकृती काढण्याला या धंद्यात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. कंपनीत नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरला दोनशे टेबलांचा जुना डेटाबेस समजून घ्यायचा असतो, तेव्हा तो सगळ्यात आधी हेच करायला जातो.

टेबलांवर उभ्या राहिलेल्या या जगाची मांडणी एडगर कॉड यांनी केली. आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० साली त्यांनी रिलेशनल मॉडेलवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७६ साली, पीटर चेन यांनी एंटिटी आणि त्यांच्यातल्या नात्यांची आकृती काढायची पद्धत मांडली. त्याच वर्षी गॉर्डन एव्हरेस्ट यांनी ‘अनेक’ दाखवण्यासाठी रेघेच्या टोकाला तीन फाटे काढले. कावळ्याच्या पायासारखी दिसणारी ती खूण आजही जवळपास प्रत्येक टूलमध्ये आहे. आकृती काढायची भाषा अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच तयार होती.

आपल्या विषयाला त्याहून जवळची गोष्ट १९८५ सालची आहे. बाजारातली बरीच उत्पादनं स्वतःला रिलेशनल म्हणवून घेऊ लागली होती. वैतागलेल्या कॉड यांनी ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ या साप्ताहिकात खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी ठरवणारे नियम जाहीर केले. त्यातला चौथा नियम असा की डेटाबेसने स्वतःचं वर्णनही स्वतःच्याच टेबलांत ठेवावं, आणि ते ग्राहकांची यादी वाचायच्याच भाषेत वाचता यावं. थोडक्यात, आपल्या पोटात काय आहे हे सांगायची जबाबदारी त्यांनी डेटाबेसवरच टाकली. ब्राउझरमधल्या टूलांनी पुढे जे वळसे घेतले, ते पाहता हा नियम फार लोकांनी मनावर घेतला नसावा.

नियम झाला तरी प्रत्येक कंपनीचा कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसने ठेवलेलं हे स्वतःचं वर्णन, वेगळा होता. एसक्यूएलच्या १९९२ सालच्या प्रमाणात इन्फर्मेशन स्कीमा नावाची सामाईक मांडणी आली. पोस्टग्रेस-एसक्यूएलने ती २००३ साली ७.४ या आवृत्तीत घेतली, मायएसक्यूएलने २००५ साली ५.० मध्ये. ओरॅकलने ती घेतलीच नाही. तिथे ‘ऑल_टेबल्स’सारख्या ओरॅकलच्या स्वतःच्या नोंदी वाचाव्या लागतात. एसक्यूलाइटमध्ये तर ‘एसक्यूलाइट_मास्टर’ हे एकच टेबल असतं आणि त्यात टेबल तयार करताना लिहिलेली आज्ञा मजकूर म्हणून ठेवलेली असते.

संगणकावर बसवलेल्या जुन्या टूलांना यातलं काही फारसं जड नव्हतं. मायएसक्यूएल वर्कबेंच थेट डेटाबेसला जोडला जातो, कॅटलॉग वाचतो आणि आकृती काढतो. ब्राउझरला ती मुभा नाही. वेबपानावरचा कोड एचटीटीपी किंवा वेबसॉकेट यांसारख्या ठरावीक वाटांनीच बाहेर बोलू शकतो. पोस्टग्रेस ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर आणि मायएसक्यूएल ३३०६ वर आपापल्या भाषेत बोलत बसलेले असतात. त्या भाषेत सरळ संवाद साधायची सोय पानाला दिलेलीच नाही. हे बंधन सुरक्षिततेसाठी मुद्दाम घातलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठलीही वेबसाइट उघडताच ती ऑफिसच्या अंतर्गत डेटाबेसचं दार वाजवू लागली असती.

मग मध्ये कुणीतरी हवं. चेक प्रोग्रामर ऑंद्रेई झारा यांच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एसक्यूएल डिझायनर या जुन्या, मुक्त टूलने सर्व्हरवर चालणारा छोटा पीएचपी कोड सोबत दिला. तो आपल्याच सर्व्हरवर बसवायचा, त्याला डेटाबेस दाखवायचा, मग ब्राउझरने त्याच्याकडे मागणी करायची. ज्याला असा कोड बसवता येतो त्याच्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. पण नुसतं चित्र पाहायला आलेल्या माणसाला सर्व्हर बसवायला सांगणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणंच.

पुढच्या काळातल्या व्यावसायिक टूलांनी वेगळी सोय दिली: डेटाबेसचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड आमच्या सर्व्हरला द्या, आम्ही वाचून आणतो. दिसायला यासारखं सोपं काही नाही, एक फॉर्म भरला की झालं. प्रत्यक्षात डेटाबेस बहुधा कंपनीच्या बंद जाळ्यात असतो, बाहेरच्या सर्व्हरला तो दिसतच नाही. लॅपटॉपवरचा डेटाबेस तर त्याहून दूर. ‘लोकलहोस्ट’ असा पत्ता दिला की टूलचा सर्व्हर स्वतःमध्येच शोधत बसतो. आणि फायरवॉल उघडून, पासवर्ड देऊन हे जमवलंच, तर सांगाडा पाहायला आलेल्याच्या हातात अख्ख्या घराची चावी जाते. जबाबदार डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर याला नाही म्हणेल, आणि त्याने म्हणावंच.

राहिला मजकुराचा रस्ता. डेटाबेसचा डंप काढायचा, म्हणजे सगळी टेबलं पुन्हा उभी करता येतील अशा आज्ञांची फाइल, आणि ती टूलमध्ये टाकायची. ड्रॉडीबी, डीबीडायग्रॅम आणि त्यांच्यासारखी बरीच टूलं हे करतात. यात पासवर्ड द्यावा लागत नाही, जाळ्याची कटकट नाही. कटकट सगळी वाचण्यात आहे.

‘क्रिएट टेबल’ ही आज्ञा सगळीकडे असते, म्हणून पार्सर, म्हणजे ही फाइल वाचणारा कोड, लिहिणारा तिच्यापासून सुरुवात करतो. कंसातले कॉलम वाचले, फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची नोंद, सापडली तिथे रेघ मारली. मग पहिला वापरकर्ता पोस्टग्रेसच्या ‘पीजी_डंप’ची फाइल आणतो आणि चौकटी पुन्हा सुट्या दिसतात. या वेळी नाती नोंदवलेली असतात, पण वेगळ्या जागी. पीजी_डंप टेबलं आधी उघडीबोडकी तयार करतो आणि प्रायमरी की, फॉरेन की ही बंधनं फाइलच्या शेवटी ‘ऑल्टर टेबल’ या वेगळ्या आज्ञांनी जोडतो. ‘क्रिएट टेबल’ संपताच वाचन थांबवणाऱ्या पार्सरला ती कधी भेटतच नाहीत.

पीजी_डंप असं का करतो, हे साकिला या सरावाच्या डेटाबेसवरून कळतं. सिनेमांच्या कॅसेट-डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या काल्पनिक दुकानांचा हा डेटाबेस मायएसक्यूएल शिकणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात स्टोअर नावाच्या टेबलात दुकानाच्या मॅनेजरचा क्रमांक असतो, आणि तो स्टाफ या टेबलातल्या कुणाचा तरी असायलाच हवा. स्टाफ टेबलात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या दुकानाचा क्रमांक असतो, आणि ते दुकान स्टोअर टेबलात असायलाच हवं. आता आधी कुठलं टेबल तयार करायचं? कुठलंही घेतलं तरी ते अजून जन्माला न आलेल्या टेबलाकडे बोट दाखवतं. पोस्टग्रेसचं उत्तर असं की आधी दोन्ही टेबलं, मग ओळी, मग बंधनं. ओळी भरताना प्रत्येक वेळी तपासणी करावी लागत नसल्याने वेळही वाचतो.

मायएसक्यूएलचं उत्तर निराळं. ‘मायएसक्यूएलडंप’ फॉरेन की टेबलाच्या आतच लिहितो, पण फाइलच्या सुरुवातीला तपासणी बंद करतो. ही बंद करायची आज्ञा तो कॉमेंटमध्ये लिहितो. तिरकी रेघ, चांदणी, उद्गारचिन्ह आणि मग ४००१४ असा आकडा. इतर डेटाबेसांच्या लेखी ती टिपणी असते, ४.०.१४ किंवा त्यापुढच्या मायएसक्यूएलच्या लेखी ती पाळायची आज्ञा असते. टिपण्या गाळून टाकणारा पार्सर इथे सुदैवाने वाचतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या फाइलींत दर काही ओळींनी एकटाच ‘गो’ हा शब्द येतो. तो एसक्यूएलचा भागच नाही, आज्ञा सर्व्हरकडे पाठवणाऱ्या टूलला दिलेला तो इशारा आहे. नावं गुंडाळायची तऱ्हाही तिघांची तीन: प्रमाण भाषेत दुहेरी अवतरणचिन्ह, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, मायक्रोसॉफ्टकडे चौकोनी कंस. अवतरणात नसलेलं नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत बदलून ठेवतो. लिनक्सवरच्या मायएसक्यूएलला टेबलाच्या नावातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं, विंडोजवरच्याला सारखंच. नाव जुळलं नाही की रेघ गळते.

मराठी वाचकाला रस वाटेल अशी एक भानगड यातच आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही देवनागरी नावं चालवून घेतात, अवतरणचिन्हांशिवायसुद्धा. ‘ग्राहक’ नावाचं टेबल आणि ‘ग्राहक_क्रमांक’ नावाचा कॉलम बिनतक्रार तयार होतो. पण ब्राउझरमधले बरेच पार्सर जावास्क्रिप्टच्या ज्या खुणेने ‘शब्द’ ओळखतात, ती फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर जाणते. जरा सावध प्रोग्रामर त्याऐवजी ‘कुठल्याही लिपीतलं अक्षर’ ही युनिकोडची खूण वापरतो आणि निश्चिंत होतो. तरीही ‘ग्राहक’चं वाचन ‘ग’वरच तुटतं, कारण युनिकोडच्या वर्गवारीत हलन्त आणि काना ही अक्षरं गणली जात नाहीत, त्यांचा गट वेगळा. तो गटही खुणेत घातला तरच नाव अखंड राहतं. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक मेख आहे: नावाला ६३ बाइटांची मर्यादा. इंग्रजीत ती ६३ अक्षरं होतात; देवनागरीत प्रत्येक खूण तीन बाइट घेत असल्याने, काना-मात्रा-हलन्त धरून २१ खुणा झाल्या की उरलेलं नाव छाटलं जातं.

असे अपवाद पाठलाग करून पकडत बसणं न संपणारं काम आहे. म्हणून काहींनी नाद सोडला आणि खऱ्या डेटाबेसचा खरा पार्सरच उचलून आणला. पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमधला पार्सर वेगळा काढलेली ‘लिबपीजी_क्वेरी’ नावाची लायब्ररी आहे. वेबअसेंब्लीमुळे असा सी भाषेतला कोड ब्राउझरमध्ये चालू लागला. एसक्यूलाइट बऱ्याच वर्षांपासून ब्राउझरमध्ये चालतो, आणि २०२४ पासून पीजीलाइटच्या रूपात अख्खा पोस्टग्रेस चालू लागला, काही मेगाबाइटांत. यातून एक गमतीशीर उलटापालट शक्य होते. टूलने डंप वाचायच्या भानगडीत पडूच नये. पानातल्या पानात रिकामा पोस्टग्रेस सुरू करावा, डंपमधल्या आज्ञा त्यालाच चालवू द्याव्यात, आणि मग कॉड यांच्या चौथ्या नियमाप्रमाणे त्यालाच विचारावं, की बाबा रे, तुझ्यात काय काय आहे? फाइल वापरणाऱ्याच्या संगणकाबाहेर जात नाही, आणि वाचणारा तोच असतो ज्याच्यासाठी ती लिहिली गेली.

पण डेटाबेसलाच विचारायचं, तर मूळ डेटाबेसला का नको? आणखी एक मार्ग इथून निघतो. माझ्या मते आजवरच्या सगळ्यांत हा सर्वांत शहाणा आहे. लुसिडचार्टने तो आधीपासून वापरला: टूल एक तयार क्वेरी देतं, माणूस ती स्वतःच्या डेटाबेसवर चालवतो, आलेला निकाल फाइलमध्ये साठवून परत आणून देतो. २०२४ साली मुक्त सॉफ्टवेअर म्हणून आलेल्या चार्टडीबीने तीच कल्पना आणखी घासूनपुसून घेतली. त्याची क्वेरी चालवली की उत्तरात एकाच खान्यात अख्खा स्कीमा जेसन मजकुराच्या रूपात येतो. तो कॉपी करायचा, ब्राउझरमध्ये पेस्ट करायचा, आकृती तयार. पासवर्ड कुणाला दिला नाही, फायरवॉलला हात लावला नाही, डंप कसा काढतात हे ठाऊक असायचीही गरज नाही. शिवाय क्वेरी डोळ्यांसमोर असते. संशयी अॅडमिनिस्ट्रेटर ती ओळीओळीने वाचून खात्री करू शकतो, की ती फक्त कॅटलॉग वाचते, ग्राहकांच्या ओळींना शिवत नाही.

एवढी सोय झाल्यावरही खड्डे आहेतच, आणि ते सगळे गप्प बसलेले आहेत. मायएसक्यूएलमध्ये अनेक ओळी एका मजकुरात गुंफणारं ‘ग्रुप_कॉनकॅट’ हे फंक्शन मुळात १०२४ बाइटांवर थांबतं. त्यापुढचा मजकूर ते छाटतं आणि फक्त एक इशारा नोंदवून ठेवतं, जो कुणी पाहत नाही. क्वेरी लिहिणाऱ्याने ही मर्यादा आधी वाढवली नाही, तर थोड्याच टेबलांनंतर जेसन मध्येच तुटतं. एसक्यूएल सर्व्हर लांब जेसन अनेक ओळींत तोडून पाठवतो, प्रत्येकी सुमारे दोन हजार अक्षरांच्या, आणि माणूस बिचारा पहिलाच खाना कॉपी करून आणतो. अशा वेळी ‘चुकीचा मजकूर’ एवढंच सांगणारं टूल आपलं काम टाळतं आहे. मजकूर अर्ध्यावर तुटलाय हे ओळखणं अवघड नसतं. शेवटचा कंस आहे की नाही एवढं तर पाहायचं असतं.

पोस्टग्रेसमधला खड्डा अधिक खोल आहे. सगळीकडून सल्ला मिळतो, की अशा कामाला फक्त वाचायचा अधिकार असलेला वापरकर्ता वापरावा. सल्ला रास्तच. पण पोस्टग्रेसचा इन्फर्मेशन स्कीमा बंधनांची माहिती फक्त त्यालाच दाखवतो, जो त्या टेबलाचा मालक आहे किंवा ज्याला वाचण्यापलीकडचाही काही अधिकार आहे. म्हणजे सल्ला पाळणाऱ्या सावध माणसाला टेबलं दिसतात, कॉलम दिसतात आणि फॉरेन की दिसत नाहीत. कुठलाही एरर येत नाही. दुसरी अडचण नावांची: एका स्कीमात एका नावाचं एकच बंधन असावं असं प्रमाण सांगतं, पोस्टग्रेस ते सक्तीने पाळायला लावत नाही. दोन टेबलांवर ‘एफके_कस्टमर’ या एकाच नावाची बंधनं असली आणि क्वेरीने नावावरून जुळणी केली, तर आकृतीत नसलेल्या नात्यांच्याही रेघा उमटतात. रेघ नसणं परवडलं. खोटी रेघ माणसाला खोट्या विश्वासाने पुढे पाठवते. दोन्हींवर इलाज एकच, आणि जाणकार टूलं तो करतात: प्रमाणातल्या सामाईक खिडकीऐवजी पोस्टग्रेसचा स्वतःचा कॅटलॉग, ‘पीजी_कॉन्स्ट्रेंट’, वाचायचा. तिथे जुळणी नावांवरून होत नाही, अंतर्गत क्रमांकांवरून होते.

आता नोंदच नसलेल्या नात्यांकडे वळायला हवं. रेशनकार्डावर नाव चढवलं नाही म्हणून घरातलं माणूस परकं ठरत नाही. तसं फॉरेन की लिहिली नाही म्हणून नातं नाहीसं होत नाही. ती न लिहिण्यामागे आळसच असतो असंही नाही. मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन फॉरेन की वाचायचं आणि मुकाट्याने टाकून द्यायचं. मायएसक्यूएलवर वाढलेल्या एका पिढीला म्हणूनच ती लिहिण्याचं काही कारण दिसलं नाही. रुबी ऑन रेल्समध्ये फॉरेन कीची सोय मूळ चौकटीत ४.२ या आवृत्तीपर्यंत नव्हती. नाती प्रोग्रामच्या कोडमध्ये राहावीत अशी त्या घराण्याची जाहीर शिस्त होती. अशा डेटाबेसांचं इम्पोर्ट कितीही निर्दोष केलं तरी हाती सुट्या चौकटीच येणार.

मग टूलने अंदाज करावा का? करावा, पण अंदाज म्हणून दाखवावा. वर्डप्रेसच्याच बारा टेबलांवर हे तपासून पाहण्यासारखं आहे. पोस्टमेटा टेबलात ‘पोस्ट_आयडी’ हा कॉलम आहे. पोस्ट्स टेबलाकडे त्याची रेघ मारायला फार अक्कल लागत नाही. कॉमेंट्समधला ‘कॉमेंट_पोस्ट_आयडी’ही ओढूनताणून सापडेल. पण पोस्ट्समधल्या ‘पोस्ट_ऑथर’चं नातं युजर्सशी आहे, आणि नावात ‘युजर’ हा शब्दच नाही. ‘पोस्ट_पेरेंट’ आपल्याच टेबलाकडे वळून पाहतो. सगळ्यात अवघड ‘टर्म_रिलेशनशिप्स’ टेबलातला ‘ऑब्जेक्ट_आयडी’. तो बहुतेक वेळा पोस्टचा क्रमांक असतो, पण जुन्या लिंक्स टेबलातल्या नोंदीचाही असू शकतो. अशा कॉलमला एका टेबलाकडे जाणारी एक रेघ मारणं हेच मुळात चूक. रेल्समध्ये याच प्रकारात शेजारी ‘टाइप’ असा दुसरा कॉलम असतो आणि क्रमांक कुठल्या टेबलातला ते तो सांगतो. इथे तीही सोय नाही.

म्हणजे नावांवरून काही रेघा मिळतील, काही सुटतील, काही चुकतील. टूलने अंदाजाची रेघ तुटक काढावी, नोंदवलेली सलग काढावी, आणि माणसाला एका क्लिकमध्ये ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू द्यावं. डेटाबेसने सांगितलेलं आणि टूलने ताडलेलं एकाच शाईत काढणाऱ्या आकृतीवर पुढे सहा महिन्यांनी कुणीतरी विसंबणार, आणि तेव्हा ती रेघ कुठून आली हे विचारायला कुणी नसणार.

रेघा आल्या की मांडणीचा प्रश्न येतो. वीस टेबलं पडद्यावर कशीही टाकली तरी चालतात. दोनशे टाकली की कोळिष्टक होतं. रेघा एकमेकींना कमीत कमी छेदतील अशी मांडणी शोधणं गणिती दृष्ट्या किती अवघड आहे हे गॅरी आणि जॉन्सन यांनी १९८३ सालीच दाखवून दिलं होतं, त्यामुळे सगळी टूलं कामचलाऊ युक्त्यांवर भागवतात. त्यातली थरांची एक युक्ती सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दिलेली. पण मोठ्या स्कीमासाठी अझिमुट या मुक्त टूलचा विचार अधिक पटतो: सगळं एकदम दाखवायचा अट्टहास धरू नये, माणसाला हवी ती टेबलं, हवे ते कॉलम शोधू द्यावेत आणि तिथून नात्यांच्या वाटेने पुढे जाऊ द्यावं. दोनशे टेबलांचं भिंतभर चित्र दिसायला भारदस्त असतं, वापरायला कुणी जात नाही.

या सगळ्यात एक धोका सहज विसरला जातो. स्कीमात माहिती नसली तरी गुपितं असतात. कॉलमला दिलेल्या टिपण्या, आपोआप भरायच्या किमती, कुठल्या टेबलात काय साठवलंय याची नावं, यांवरून कंपनी काय करते आहे ते बरंच कळतं. आणि घाईत काढलेल्या डंपमध्ये तर ओळीही येतात. पीजी_डंपला ‘स्कीमा ओन्ली’ आणि मायएसक्यूएलडंपला ‘नो डेटा’ असं स्पष्ट सांगावं लागतं; न सांगता काढलेली फाइल वेबवरच्या टूलमध्ये टाकली की ग्राहकांचे फोन नंबरही सोबत गेले. चांगल्या टूलने फाइल आपल्या सर्व्हरकडे न पाठवता ब्राउझरमध्येच वाचावी, आणि ओळी दिसल्या तर थांबून तसं सांगावं.

शेवटी दुसऱ्यांदा इम्पोर्ट करायची वेळ येते, आणि इथे बहुतेक टूलं उघडी पडतात. दोन महिन्यांत डेटाबेस बदललेला असतो. माणसाने मधल्या काळात चौकटी हाताने नीट मांडलेल्या असतात, रंग दिलेले असतात, तुटक रेघा पक्क्या केलेल्या असतात. नवा स्कीमा टाकताच जुनं पुसून नवं चित्र काढणारं टूल ही सगळी मेहनत मातीत घालतं. जुनं आणि नवं शेजारी ठेवून फक्त फरक दाखवायला हवा: ही दोन टेबलं नवी, हा कॉलम गेला, या कॉलमचा प्रकार बदलला. होलिस्टिक्स कंपनीच्या डीबीडायग्रॅमने स्कीमा लिहिण्यासाठी डीबीएमएल ही साधी मजकुराची भाषा काढली आणि मुक्त केली. तिचा एक फायदा हाच, की मजकूर गिटमध्ये ठेवता येतो आणि दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने दिसतो.

फरक काढताना खरी फसगत होते ती नाव बदलण्यात. ‘मोबाइल’ कॉलमचं नाव ‘फोन’ केलं, तर दोन मजकुरांची तुलना सांगते, की एक कॉलम उडाला आणि एक नवा आला. त्याच्याशी जोडलेल्या रेघा, टिपण्या सगळं त्याबरोबर जातं. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कने इथे सरळ प्रश्न विचारायची पद्धत ठेवली आहे: तुम्ही या कॉलमचं नाव बदललंत का? हो किंवा नाही. मात्र पोस्टग्रेसपुरतं तेही विचारावं लागू नये. त्याच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक टेबलाला आणि टेबलातल्या प्रत्येक कॉलमला क्रमांक असतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. क्वेरीने नावांसोबत हे क्रमांकही आणले, तर दुसऱ्या इम्पोर्टच्या वेळी टूलला कळतं, की सातव्या क्रमांकाचा कॉलम तोच आहे, फक्त नाव नवं आहे. डंपमध्ये हे क्रमांक येत नाहीत, आणि डंपवरून दुसरीकडे डेटाबेस उभा केला तर टेबलांना नवे क्रमांक मिळतात. म्हणून ही खूण एकाच डेटाबेसला पुन्हा विचारलं तरच चालते. जिथे ती मिळत नाही तिथे जँगोसारखं विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर आकृतीसोबत साठवून ठेवायचं, म्हणजे तिसऱ्या वेळी तोच प्रश्न पुन्हा पुढे येत नाही.